भरलेलं पेन

१

कोल्हापुरात डॉक्टर निंबाळकरांनी आपल्या बैठकीत पुडक्याचा दोरा कात्रीने कापला, आणि आतून भलतंच पेन निघालं.

आत सोनेरी मासा असायला हवा होता. काळ्या लाखेवर सोन्याच्या भुकटीने काढलेला मासा, चाळीस वर्षांपूर्वीचं जपानी हातकामाचं पेन. वीस वर्षांच्या धंद्यात असं पेन मी एकदाच पाहिलं होतं. त्याच्या जागी निघालं साधं काळं, ड्रॉपरने शाई भरायचं पेन. भोवतीचं मलमलीचं फडकं निळ्या शाईने भिजलेलं.

डॉक्टर दातांचे. निवृत्त झाल्यापासून जुनी पेनं जमवतात. त्यांनी ते पेन उचललं, कागदावर एक रेघ ओढली.

"चालतंय की झकास," ते म्हणाले. "पण अभयराव, हे बघायला मी तुम्हाला रत्नागिरीहून बोलावलं नव्हतं."

मी अभय नागवेकर. रत्नागिरीत माझं जुन्या पेनांचं छोटं दुकान आहे. माझ्या शेजारी धम्मदीप गमरे उभा होता. तो लांज्याजवळच्या एका गावात शिक्षक आहे, आणि पेन दुरुस्तीत त्याच्यासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही. सहा वर्षं आम्ही बरोबर फिरत होतो. मी पेनं शोधायची, त्याने जिवंत करायची.

"गुरुवारी अंजनवेलला मी स्वतः पेन बघून घेतलं," मी डॉक्टरांना सांगितलं. "विकणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर पुडकं बांधलं. रात्री माझ्या घरी कपाटात होतं. काल संध्याकाळी ह्याच्याकडे दिलं, कारण सोबतची दोन पेनं साफ करायची होती. लाखेच्या पेनाला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. आज सकाळी ह्याच्याकडूनच परत घेतलं."

डॉक्टरांनी धम्मदीपकडे पाहिलं. मीही पाहिलं.

धम्मदीप मात्र माझ्याकडेच बघत होता, जणू मी अजून काही बोलणार आहे असं.

२

आंबा घाट उतरेपर्यंत गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. साखरपा गेलं, पाली गेली. लांज्याला एसटी स्टँडसमोर रघूची चहाची टपरी आहे, तिथे मी गाडी थांबवली. धम्मदीप तिथेच उतरायचा नेहमी.

तो पिशवी खांद्याला लावून उतरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पिशवी जरा दाखव."

त्याला आधी कळलंच नाही. "कसली, दादा?"

"तुझी पिशवी. एकदा बघू दे. माझं समाधान होईल."

टपरीवर सात-आठ माणसं होती. सगळ्यांचे कप हातातच राहिले. धम्मदीपने पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडायला लागला. चिमटे. भिंग. पेन चिकटवायच्या शेलॅकची बाटली. रबराच्या नळ्या. तपासायला आणलेल्या मुलांच्या वह्या. जेवणाचा डबा, त्याचं झाकणही त्याने उघडून दाखवलं. मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले.

"आणखी काय काढू, दादा?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अशा लोकांच्या हातात किमती वस्तू देतात काय कोण?"

'अशा' म्हणजे कोणत्या, ते मला कळलं. तिथल्या सगळ्यांना कळलं. धम्मदीपला तर लहानपणापासून कळत आलेलं असणार. माझ्या बाजूने एका वाक्याचं काम होतं. मी ते बोललो नाही. गाडीत बसलो, काच वर केली आणि रत्नागिरीचा रस्ता धरला.

३

मिरकरवाड्यात दमूताईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. दमयंती पावसकर. बत्तीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झाली. आता भावाच्या ट्रॉलरची फाटलेली जाळी सांधत बसते. माझ्या आईची ती जुनी शेजारीण.

रविवारी सकाळी बंदरावरचा लिलाव संपत आला होता. ताई उलट्या क्रेटवर बसली होती, मांडीवर जाळं. मी सगळं सांगितलं.

"फिर्याद का नाय दिलीस?"

"बोभाटा नको, ताई. आमचा धंदा विश्वासावर चालतो."

"लाखांची वस्तू गेली आणि बोभाटा नको." तिची सुई थांबली नाही. "बरं. पुडकं कोणाकोणाच्या हातातनं गेलं?"

मी नावं घेतली. अंजनवेलच्या रेणुका विलणकर. पेन त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं, ते बोटीवर होते. त्यांचा पुतण्या सर्वेश, गुहागरला गॅरेजमध्ये काम करतो. पेनाचा फोटो मला त्यानेच पाठवला होता आणि गेल्या महिन्यात नवी मोटारसायकल घेतली होती. माझी बायको ईशा, जिच्या कपाटात पुडकं एक रात्र होतं. आणि धम्मदीप.

"ईशाचं कपाट बघितलंस?"

"तिचं कशाला?"

"म्हणजे मास्तराची पिशवी भर रस्त्यात उघडलीस, आणि बायकोचं कपाट नाय."

तिने हात पुढे केला. "काय निघालं ते दाखव."

मी फडकं, दोरा आणि ते काळं पेन तिच्यापुढे ठेवलं. दोरा गाठीपासून लांब कापला होता, त्यामुळे गाठ तशीच होती. ताईने ती अंगठ्याखाली धरून बराच वेळ पाहिली आणि बाजूला ठेवली. मग फडक्याची घडी उघडली. डाग एकाखाली एक, प्रत्येक घडीत, आतून बाहेर लहान होत गेलेला.

"ही शाई कुठे सांडली?"

"घाटात," मी सहज म्हणालो. "उंचावर हवा विरळ होते. पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ड्रॉपरचं पेन तर हमखास ओकतं."

"शाई गाठीवर पण हाय."

"हो."

"म्हणजे घाट चढायच्या आधीच गाठ मारलेली होती. नंतर पुडकं कोणी सोडलं नाय."

"बरोबर."

"पेनातला जाणता माणूस भरलेलं पेन घाटातनं नेईल?"

धम्मदीप असं कधी करणार नाही. घाटाला लागायच्या आधी तो प्रत्येक पेन उघडून बघतो, थेंबसुद्धा राहू देत नाही. आणि ईशा? एकदा माझ्या भरलेल्या पेनाने तिची पैठणी खराब केली, तेव्हापासून रिकामं केल्याशिवाय ती पेन कपाटात ठेवू देत नाही.

"मी हातात पेन धरत नाय, मला एवढा कळला," ताई म्हणाली. "तू वीस वर्षं ह्यातच हायस. काल तुला कळला नाय?"

४

दुपारी ती माझ्या गाडीत बसली आणि म्हणाली, "लांजा."

धम्मदीपचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. अंगणात त्याची आई, सीताबाई, काजूच्या बिया उन्हात पसरत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले. बसा म्हणाल्या नाहीत. आत जाऊन पाण्याचे दोन तांबे घेऊन आल्या.

"पाणी घ्या. दारात आलेल्याला पाणी द्यायचं मी चुकवणार नाय."

धम्मदीप बाहेर आला. दमूताईने त्याला एकच विचारलं, "मास्तर, शुक्रवारी रात्री तुम्ही तिसरं पुडकं सोडलंत?"

"नाही. दादा नको म्हणाले होते. दोन पेनं साफ केली, तिसऱ्याला हात लावला नाही."

"गाठ बघितलीत?"

"बघितली. आमच्याकडे अशी मारत नाहीत. सोडली असती तर मला परत बांधता आली नसती."

ताईने मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डागाचं ह्याला सांग."

मी सांगायला लागलो. धम्मदीपने मध्येच थांबवलं.

"डॉक्टरांनी फडकं सोडलं तेव्हाच मी बघितलं ते. डाग घड्यांच्या आरपार होता. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, आता दादा बोलतील. साखरप्यापर्यंत वाट बघितली. पालीपर्यंत बघितली. मग लांजा आलं."

"तूच का नाही बोललास?"

"पेन तुम्हालाही कळतं, दादा. तुम्ही डागाकडे बघतच नव्हतात."

सीताबाई वाकून बिया पसरत राहिल्या. मी तांब्यातलं पाणी पिऊ शकलो नाही, आणि तसाच खाली ठेवायलाही हात होईना.

५

सोमवारी आम्ही अंजनवेलला निघालो. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली. तवसाळचा किनारा समोर दिसत होता. ताई कठड्याला टेकून उभी होती. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडून तो दोऱ्याचा तुकडा बाहेर काढला.

"मला आधी सर्वेशवर संशय होता," ती म्हणाली. "नवी गाडी, फोटो त्याने पाठवलेला. पण तो चोर असता तर त्याने पुडक्यात काय ठेवलं असतं? वजनाला काहीतरी. मोडकं पेन, नायतर लाकडाचा तुकडा. हे पेन बघ. धुतलेलं. निब पुसलेली. शाई काठोकाठ. डॉक्टरने टेकवलान आणि लिहायला लागला. ज्याने ठेवलं त्याला ते चालायला हवं होतं. घेणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून जपणारा चोर बत्तीस वर्षांत माझ्या बघण्यात नाय."

"मग?"

"हे चोराने ठेवलेलं नाय. कोणीतरी एका वस्तूच्या बदली दुसरी चांगली वस्तू दिलीय." तिने दोरा माझ्यापुढे धरला. "ही जाळ्याची गाठ. मी दिवसाला दोनशे मारते. तुझी ईशा कराडची, तिला येणार नाय. मास्तर भातशेतीतला. रेणुकाचं माहेर कुठलं?"

"दाभोळ खाडीवरचं. त्यांचे वडील मासेमारी करायचे."

"म्हणजे गाठ तिने मारलेली, आणि डॉक्टरच्या कात्रीपर्यंत ती कोणी सोडली नाय. मध्ये अदलाबदल झालीच नाय. काळं पेन अंजनवेललाच पुडक्यात गेलं." ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "आणि तू सांगतोस, मासा तुझ्यासमोर आत गेला. गाठ खोटं बोलत नाय, अभय. शाई पण बोलत नाय. खोटं बोलणारा एकच उरतो."

बोटीचं इंजिन धडधडत होतं. मी पाण्याकडे बघत राहिलो.

"तू पुडकं उघडून बघितलंच नव्हतंस."

"नाही."

"लाखाची वस्तू, आणि बघितली नाय. का?" मग तिचा आवाज खाली आला. "बाईला तू किंमत काय सांगितली होतीस?"

६

तवसाळहून अंजनवेलपर्यंत मी गाडी चालवत सगळं सांगितलं. रस्त्यावरून नजर हलवायची सोय नव्हती, म्हणून सांगता आलं.

आदल्या महिन्यात पेन बघायला गेलो होतो तेव्हा मी ते कागदावर टेकवलं आणि म्हटलं, "हे लिहीत नाही, वहिनी. दिसायला छान आहे, पण पेन म्हणून कामाचं नाही. बाकीच्या दोघांच्या भावाने घेतो, तीन हजार." आतली शाई वाळली होती, एवढंच. डॉक्टरांशी माझं बोलणं तीन लाखांवर झालं होतं.

गुरुवारी रेणुकाबाईंनी तिन्ही पुडकी आतूनच बांधून आणली होती. "बघून घ्या हो," म्हणाल्या होत्या. उघडून पाहिलं असतं तर मासा बघताना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं. म्हणून मी हसून म्हटलं होतं, "कशाला? विश्वास आहे." कोल्हापुरात हे कबूल करायचं तर किंमतही कबूल करावी लागली असती. त्यापेक्षा धम्मदीपकडे बघणं सोपं पडलं.

दमूताईने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

घर गोपाळगडाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. रेणुकाबाई दारातच होत्या. सर्वेश पडवीत मोटारसायकल पुसत होता. आम्हाला बघताच बाईंचा चेहरा उतरला.

"चाललं नाय का ओ पेन?" त्यांनी विचारलं.

"कुठलं, वहिनी?"

"काळं. मी गरम पाण्याने धुतलं, शाई भरली, दहा वेळा लिहून बघितलं. म्हटलं, भाऊ, तुम्हाला पुढे कोणी नावं ठेवायला नकोत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी सांगणार होते. तुमच्यासमोर जीभ रेटली नाय. ह्यांना अर्धांग झाला तेव्हा दोन वर्षं वाचा नव्हती. ते मासेवालं पेन हातात धरून बसायचे. लिहायचं नायच. विकायला काढलं खरं, पण बांधताना हात अडला. तुम्हीच म्हणालात, ते बिनकामाचं हाय, तिघांचा भाव सारखाच. म्हटलं, मग चालणारं दिलं तर भाऊंचा फायदाच. तरी चार दिवस घास उतरत नाय. पैसे घेतले तिघांचे आणि वस्तू बदलली. फसवलंच ना मी तुम्हाला?"

हे त्या मला विचारत होत्या.

दमूताईने अंगणातल्या माडाकडे तोंड फिरवलं. माझ्या मदतीला ती येणार नव्हती.

"वहिनी," मी म्हटलं, "ते पेन बिनकामाचं नाही. त्याचे तीन लाख ठरले होते. मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

सर्वेशच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो उठून माझ्या अंगावर यायला निघाला. काकीने नुसता हात आडवा धरला.

"तीन लाख," त्या हळू म्हणाल्या. मला वाटलं, रडतील किंवा ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "आणि इतके दिवस पेन कोणी घेतलं म्हणत होतात तुम्ही?"

मी धम्मदीपचं नाव सांगितलं. पिशवीचंही सांगितलं.

"म्हणजे माझ्या घरातल्या वस्तूपायी एका मास्तराचे खिसे उलटे केलेत. बाकीची दोन पेनं परत आणून द्या. पैसे ठेवलेत तसेच हायत, घेऊन जा. मला काहीच विकायचं नाय. आणि भाऊ, आधी त्याच्या दारात जा. इथे उभे राहू नका."

७

संध्याकाळी धम्मदीपच्या अंगणात मी सगळं बोललो. डॉक्टरांना बोटीतून उतरताच फोन करून कबुली दिली होती, तेही सांगितलं. म्हटलं, "रघूच्या टपरीवर चल. त्या सगळ्यांसमोर माफी मागतो."

तो नको म्हणाला.

"टपरीवरच्यांनी त्यांचं आधीच ठरवलं होतं, दादा. तुम्ही त्यांना काहीही सांगा, 'आम्हाला तेव्हाच वाटलेलं' असंच म्हणतील." मग म्हणाला, "सहावीतली सानवी तिथे वडिलांबरोबर होती. आज वर्गात तिने विचारलंन, सर, झडतीत काय सापडलं? मी काही बोललो नाही. काय बोलणार? उद्या अकरा वाजता शाळेत या."

मी गेलो. सहावीच्या वर्गात एकोणतीस मुलं होती. धम्मदीपने एवढंच सांगितलं, "हे नागवेकर. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय," आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सोप्या शब्दांत सांगायचं म्हटलं की काही लपवता येत नाही. मी म्हणालो, तुमच्या सरांनी काही चोरलं नव्हतं. चोरी झालीच नव्हती. खोटं मी बोललो होतो, एका बाईंशी, पैशांसाठी. ते उघडं पडू नये म्हणून सरांवर ढकललं. भर रस्त्यात त्यांची पिशवी उघडायला लावली. तिथे कोणीतरी सरांना हलकं बोललं, ते मी ऐकलं आणि गप्प बसलो.

बाहेर नळावर हंडा भरत असलेला ऐकू येत होता.

दोन वेण्यांची एक मुलगी उठली. ही सानवी असणार. "मग तुम्हाला पोलिसांनी पकडलं?"

"नाही."

"शिक्षा झाली?"

"नाही."

ती गोंधळली. शेजारच्या मुलीने तिच्या कानात काही सांगितलं.

"सरांना सॉरी म्हणालात?"

"म्हणालो."

"मग सर काय म्हणाले?"

एकोणतीस तोंडं खिडकीकडे वळली. मीही बघितलं. खरं तर मला त्या मुलांपेक्षा जास्त ऐकायचं होतं.

धम्मदीप टेबलापाशी आला. त्याने खडू उचलला, फळ्यावर तारीख लिहिली. त्याचं अक्षर नेहमीसारखंच होतं, एकसारखं, सरळ.

"बस, सानवी," तो म्हणाला. "अपूर्णांक काढा सगळ्यांनी. कालचं तिसरं उदाहरण राहिलंय."

वह्या उघडल्याचा आवाज झाला. मी दारापाशी काढलेल्या चपला पायात घातल्या आणि बाहेर आलो.